तुर्की घरातलं रोजचं जेवण : सुरुवात साल्चापासून

तुर्की जेवण म्हटलं की फिरता डोनर, सळईवरचे कबाब आणि बकलावाची परात डोळ्यांपुढे येते. मी तुर्कस्तानातल्या इझमीर शहरात राहते. इथल्या शेजारपाजारच्या स्वयंपाकघरांत उठबस झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगू शकते: हे तिन्ही पदार्थ इथली माणसं बहुतेक वेळा बाहेरच खातात. घरी शिजतं ते पातेल्यातलं. मसुरीचं सूप, पांढरा घेवडा, लोण्यातला भात, ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, वांगी. हे जेवण शिकायचं तर मसाल्यांच्या याद्या शोधत बसू नका. मसाले मोजून पाच-सहा लागतात आणि तेही चिमूटभर. सगळी चव तुम्ही साल्चा, म्हणजे टोमॅटो-मिरचीचा घट्ट गर, कसा परतला, पाणी किती घातलं आणि झाकण कधी उघडलं, यावर ठरते.

मापाचं आधी सांगते. तुर्की पाककृतींमध्ये पाण्याचा ग्लास म्हणजे 200 मिली आणि चहाचा छोटा ग्लास म्हणजे साधारण 100 मिली. खाली नुसतं ‘ग्लास’ लिहिलं असेल तिथे 200 मिली धरा.

साल्चा

साल्चा म्हणजे टोमॅटोचा किंवा लाल मिरचीचा आटवलेला घट्ट गर. टोमॅटोचा तो दोमातेस साल्चासी, मिरचीचा तो बिबेर साल्चासी. उन्हाळा सरता सरता, ऑगस्ट-सप्टेंबरात, दक्षिण तुर्कस्तानातल्या आनतेप, उर्फा, हताय या भागात घरांच्या गच्च्या लाल होतात. मोठमोठ्या परातींत मीठ घातलेला गर पसरून ठेवतात, दिवसभर अधूनमधून ढवळतात आणि पाणी उडून तो लोण्यासारखा घट्ट झाला की बरण्यांत भरतात. मिरचीचा साल्चा गोडा आणि तिखट असा दोन प्रकारचा मिळतो. पहिल्यांदा आणत असाल तर गोडा आणा, तिखट वरून वाढवता येतं.

विकतची बरणी घेताना मागचं लेबल वाचा. टोमॅटो किंवा मिरची आणि मीठ, एवढंच असेल तर घ्या. घरगुती साल्चा चांगलाच खारट असतो, म्हणून तो वापरताना पदार्थात मीठ शेवटी आणि चाखूनच घालायचं. बरणी उघडली की दर वेळी कोरडा चमचा वापरा, वरचा थर सपाट करून त्यावर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर ओता आणि फ्रीजमध्ये ठेवा. नाहीतर बुरशी धरते. तुमच्या गावात तुर्की साल्चा मिळत नसेल तर कुठलीही घट्ट टोमॅटो पेस्ट चालेल. केचप अजिबात चालणार नाही, त्यात साखर आणि व्हिनेगर असतं. मिरचीच्या साल्चाची सोय घरी होते: लाल ढोबळी मिरच्या भाजून, सोलून, वाटा आणि थोड्या तेलात मीठ घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत परता.

आता परतण्याकडे या, कारण सगळी मेख इथेच आहे. कांदा तेलात किंवा लोण्यात मऊ झाला की आच मध्यमपेक्षा कमी करा, साल्चा घाला आणि लाकडी उलथन्याने तो पातेल्याच्या बुडाशी दाबून पसरवा. गोळा तसाच राहिला तर वरून परतल्यासारखा दिसतो, आत कच्चाच असतो. दीड-दोन मिनिटांत तीन गोष्टी होतात. भडक लाल रंग विटकरी होतो, कडेला सुटलेलं तेल नारिंगी दिसतं आणि नाकात जाणारा आंबट-कच्चा वास जाऊन गोडसर वास येतो. हा वास आला की थांबा. पुढे गेलात तर तळाशी करपतो आणि तो कडवटपणा कशानेही झाकत नाही. त्यानंतर जे पाणी पडेल ते उकळतं हवं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या तेयझे, म्हणजे मावशी, स्वयंपाकाला लागल्या की पहिली किटली चढवतात, कांद्याला हात नंतर लावतात. गार पाण्याने शिजणं थांबतं, डाळी-घेवडे आखडतात.

मसुरीचं सूप

साल्चा जमला की पहिला पदार्थ हाच करा. मेर्जिमेक चोर्बासी. तुर्कस्तानात असं लोकान्ता, म्हणजे साधं खानावळवजा हॉटेल सापडणं कठीण, जिथे हे मिळत नाही.

एक ग्लास लाल मसूर डाळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. एक कांदा, एक गाजर, एक छोटा बटाटा, सगळं ओबडधोबड चिरा, कारण शेवटी वाटायचंच आहे. एक मोठा चमचा लोणी आणि तेवढंच तेल गरम करून कांदा मऊ करा, मग गाजर-बटाटा, मग एक छोटा चमचा टोमॅटो साल्चा वर सांगितल्याप्रमाणे. डाळ घाला, एकदा हलवा, सहा ग्लास उकळतं पाणी ओता. वर येणारा फेस डावाने काढून टाका. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. डाळ विरघळली की मिक्सरमधून काढा. अगदी लोकान्तातल्यासारखं मुलायम हवं असेल तर चाळणीतून गाळूनही घ्या. मीठ आणि अर्धा छोटा चमचा जिरेपूड. डावातून ओतलं की सलग धार पडली पाहिजे. लगदा पडत असेल तर उकळतं पाणी वाढवा.

वरची फोडणी विसरलात तर सूप अर्धवट राहतं. छोट्या कढल्यात एक मोठा चमचा लोणी वितळवा. ते फेसाळून फेस बसायला लागला की आच बंद करा आणि मगच एक छोटा चमचा पुल बिबेर आणि चिमूटभर सुका पुदिना घाला. पुल बिबेर म्हणजे भरड कुटलेली लाल मिरची. ती तयार करतानाच तिला तेल-मीठ लावलेलं असतं, त्यामुळे आचेवर क्षणात काळी पडते. नुसत्या गरम लोण्यात तिचा रंग सुंदर उतरतो. हे लाल लोणी प्रत्येक वाडग्यावर नक्षी काढल्यासारखं ओता आणि सोबत लिंबाची फोड द्या. लिंबू शोभेला नसतं, ते पिळायचंच.

याच सूपाची आनतेपकडची बहीण म्हणजे एझोगेलिन. त्यात मूठभर बुलगुर (उकडून वाळवलेला भरड गहू), मूठभर तांदूळ, जास्त साल्चा आणि जास्त पुदिना घालतात, आणि ते वाटत नाहीत. मला थंडीत हेच जास्त आवडतं, एक वाडगा पोटभर होतो.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. घरी हे सूप पाण्यातच करतात, पण बाहेर ते बऱ्याचदा हाडांच्या किंवा मांसाच्या पाण्यात, म्हणजे एत सुयूमध्ये केलेलं असतं. मागवण्याआधी विचारा. विचारण्यात इथे कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पांढरा घेवडा आणि भात

कुरु फासुल्ये आणि पिलाव ही जोडी इथे राष्ट्रीय जेवण मानली जाते. इस्तंबुलला गेलात तर सुलेमानिये मशिदीसमोर या घेवड्याची दुकानं ओळीने उभी आहेत, दुपारी तिथे बसायला जागा मिळत नाही. कामगार-दुकानदारांच्या खानावळीत, एस्नाफ लोकान्तासीत, घेवडा भाताच्या डोक्यावरही वाढतात. भूक कमी असेल तर ‘आझ’ म्हणा, अर्धी ताटली येते. मी दोन्ही ‘आझ’ मागवते, मग तिसऱ्या भाजीला जागा राहते.

दोन ग्लास सुका पांढरा घेवडा रात्रभर भिजवा. एर्झुरुम प्रांतातल्या इस्पिरचा लहान दाणा नावाजलेला आहे; पण मध्यम आकाराचा, पातळ सालीचा कुठलाही चालेल. जुना माल घेऊ नका, तो तासन्‌तास शिजवला तरी आत टणक राहतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि ताज्या पाण्यात घेवडा जवळजवळ मऊ होईपर्यंत आधी वेगळा उकडा. कुकर वापरा, इथेही घरोघर वापरतात. आधी उकडण्याचं कारण साधं आहे: साल्चातल्या आंबटपणामुळे साल घट्ट होते, मग कच्चा दाणा त्यात नीट शिजत नाही.

पातेल्यात दोन मोठे चमचे लोणी आणि थोडं तेल, एक मोठा कांदा बारीक चिरून, दोन लांब हिरव्या कमी तिखट मिरच्या. त्यावर एक भरलेला मोठा चमचा टोमॅटो साल्चा आणि अर्धा चमचा मिरचीचा साल्चा. मांसाहारी घरांत कांद्याच्या आधी मटणाचे बारीक तुकडे परतून घेतात किंवा सुजुक (मसालेदार सॉसेज) नाहीतर पास्तिर्मा (मसाला लावून वाळवलेलं मांस) घालतात. उकडलेला घेवडा घाला, वर दोन बोटं येईल इतकं उकळतं पाणी, आणि अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. ढवळू नका, दाणे फुटतात. पातेलं धरून हलवा. रस घट्टसर, चमच्याच्या पाठीला धरेल असा झाला की मीठ घालून बंद करा आणि तासभर झाकून ठेवा. मुरल्यावरच त्याची खरी चव लागते. सोबत तुर्शू, म्हणजे मिठाच्या पाण्यातलं लोणचं, आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

आता भात. तुर्की घरात सुगरण कोण हे पिलाववरून ठरतं, हे मी पुष्कळ जणींच्या तोंडून ऐकलंय. तांदूळ जाड, गोलसर दाण्याचा: बाल्दो किंवा ओस्मानजिक. दाणा जाड, तरीही भात सुटा, यातच कसब आहे. दोन ग्लास तांदूळ कोमट मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत धुवा आणि चाळणीत पूर्ण निथळू द्या. ओला तांदूळ परतला जात नाही, वाफवला जातो, म्हणून इथे घाई नको.

दोन मोठे चमचे लोणी आणि एक चमचा तेल तापवून त्यात दोन चमचे शेहरिये, म्हणजे तांदळाच्या आकाराच्या बारीक शेवया, घाला. हात थांबू देऊ नका. त्या आधी पिवळ्या होतात, मग पाहता पाहता तपकिरी. त्या तपकिरी झाल्या की लगेच तांदूळ घाला. तीन-चार मिनिटं हलक्या हाताने परता. सुरुवातीला दाणे एकमेकांना चिकटतात, नंतर सुटे होऊन पातेल्यावर खुळखुळ आवाज करायला लागतात आणि कडा काचेसारख्या दिसतात. तो आवाज आला की तीन ग्लास उकळतं पाणी, एक छोटा चमचा मीठ आणि लिंबाचे चार थेंब. एक खळखळून उकळी, मग झाकण आणि सगळ्यात बारीक आच. दहा-बारा मिनिटांनी पृष्ठभागावर छोटी छोटी छिद्रं दिसतात. आच बंद. झाकणाखाली स्वच्छ सुती कापड किंवा किचन पेपर अंथरा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. कापड वाफेचं पाणी शोषून घेतं; नाहीतर ते थेंब परत भातावर पडतात आणि वरचा थर गिचका होतो. मग लाकडी चमच्याने कडेकडेने वर उचला.

ऑलिव्ह तेलातल्या भाज्या

इझमीरची असल्यामुळे म्हणा, माझा जीव या भाज्यांत जास्त आहे. एजियन किनाऱ्यावर, आयवालिक-एद्रेमितच्या पट्ट्यात, ऑलिव्हच्या बागाच बागा आहेत आणि तिथलं तेल या भाज्यांचा प्राण आहे. या प्रकाराला झेयतिन्याली म्हणतात. भाजी ऑलिव्ह तेलात, अगदी थोड्या पाण्यात शिजते, पातेल्यातच गार होते आणि गारच खातात. लोणी इथे चालत नाही, कारण गार झाल्यावर ते थिजून भाजीवर पांढरा थर धरतं.

अर्धा किलो चपटी फरसबी घ्या. शिरा काढा, लांब शेंगांचे दोन तुकडे करा. रुंद पातेल्यात एक कांदा उभा चिरून, त्यावर शेंगा, त्यावर दोन पिकलेले टोमॅटो किसून. एक छोटा चमचा साखर, मीठ आणि चहाचा एक ग्लास ऑलिव्ह तेल. हो, 100 मिली. तेलाचा आकडा पाहून हात आखडू नका. उरलेला रस पावाने पुसून खातात, तो वाया जात नाही. साखर गोडीसाठी नसते, टोमॅटोचा आंबटपणा तिने बसतो. अर्धा ग्लास उकळतं पाणी, घट्ट झाकण, मंद आच, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. ढवळायचं नाही. हिरवा रंग जाऊन शेंग शेवाळी, मऊ झाली पाहिजे. कुरकुरीत ठेवण्याचा मोह झाला तरी आवरा, या पदार्थात शेंग बोटाने दबली पाहिजे. आच बंद केल्यावर झाकण न उघडता गार होऊ द्या, वाढताना एक चमचा कच्चं ऑलिव्ह तेल वर सोडा. मसाला काहीही घालू नका. दुसऱ्या दिवशी ही भाजी पहिल्यापेक्षा चांगली लागते.

पद्धत हीच, भाजी ऋतूप्रमाणे बदला. थंडीत लीक (जाड दांड्याच्या कांदापातीसारखी भाजी), गाजर आणि एक चमचा तांदूळ. किंवा सेलरीचा कंद संत्र्याच्या रसात. वसंतात इझमीरजवळच्या उर्ल्याचे आर्टिचोक (कळीसारखी पानापानांची भाजी) बाजारात येतात. आठवडी बाजारातले विक्रेते सुरीच्या चार-पाच फटकाऱ्यांत त्यांची पानं उडवून गाभा लिंबाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे काळा पडत नाही. तो गाभा मटार, गाजर आणि भरपूर शेपू घालून असाच शिजवा. द्राक्षाच्या पानांची सार्मा, म्हणजे सारण भरलेल्या गुंडाळ्या, याच घराण्यातली. आत तांदूळ, कांदा, छोटे काळे मनुके, चिलगोजे, ऑलस्पाइस (मिरीसारखा दिसणारा सुवासिक मसाला), दालचिनी, पुदिना. पानं तोकात प्रांतातली मिळाली तर सोनं, पातळ आणि बारीक शिरांची असतात. गुंडाळताना करंगळीपेक्षा जाड करू नका आणि फार आवळू नका, तांदूळ आत फुगतो.

वांगी दोन घराण्यांची

इमाम बायिल्दी आणि कार्नियारिक ताटात सारखीच दिसतात, पण पहिली गार आणि दुसरी गरम खायची. दोन्हीसाठी लांब वांग्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी काढा, अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा, नीट पुसा आणि अख्खी तळा, किंवा तेल लावून 200 अंशांवर ओव्हनमध्ये मऊ करा. मग मधोमध चीर देऊन पोट उघडा. इमाम बायिल्दीत भरपूर कांदा, लसूण, टोमॅटो ऑलिव्ह तेलात शिजवून भरतात. कार्नियारिकमध्ये खिमा, कांदा आणि साल्चा भरतात, वर टोमॅटोची चकती आणि हिरवी मिरची खोचतात. तळाला साल्चाचं थोडं पाणी ओतून 180 अंशांवर अर्धा तास. हिच्याशेजारी पिलाव हवाच.

घाईच्या दिवशी मेनेमेन. हिरव्या मिरच्या तेलात परता, किसलेला टोमॅटो पाणी आटेपर्यंत शिजवा, अंडी फोडून घाला, दोनदाच हलवा आणि ओलसर असतानाच उतरवा. यात कांदा घालायचा की नाही यावर इथे घराघरांत वाद आहे. खाद्यसमीक्षक वेदात मिलोर यांनी 2018 मध्ये ट्विटरवर मत मागवलं तेव्हा लाखो लोकांनी मतदान केलं आणि कांदेवाले जेमतेम जिंकले. माझं मत बिनकांद्याच्या बाजूने. कांद्याने टोमॅटोचा ताजेपणा दबतो.

मान्ती

मान्ती म्हणजे सारण भरून उकडलेल्या, मैद्याच्या चिमुकल्या पुरचुंड्या. सुट्टीच्या दिवशी, दोन-चार हात मदतीला असताना करायचा पदार्थ. कायसेरी शहराची मान्ती सगळ्यात बारीक. एका चमच्यात चाळीस मावल्या पाहिजेत, असं तिथे म्हणतात. पहिल्यांदा करताना तिकडे लक्ष देऊ नका, दोन सेंटिमीटरचे चौकोन पुरेसे आहेत.

तीन ग्लास मैदा, एक अंडं, मीठ आणि पाणी बेताने घालून घट्ट पीठ मळा, अर्धा तास झाकून ठेवा. खिम्यात किसून पिळलेला कांदा, मीठ, मिरपूड. कांद्याचं पाणी राहिलं तर पीठ आतून भिजून फाटतं. शाकाहारी हवी असेल तर उकडलेला बटाटा भरा, तीही इथे करतात. पीठ पातळ लाटून चौकोन कापा, हरभऱ्याएवढं सारण, चारही कोपरे वर आणून चिमटा. कापलेले चौकोन कापडाखाली ठेवा, वाळले की चिकटत नाहीत.

खारट उकळत्या पाण्यात शिजवून ताटलीत काढा. त्यावर लसूण ठेचून घातलेलं घट्ट दही, आणि हे दही तासभर आधी फ्रीजबाहेर काढलेलं असावं, नाहीतर मान्ती एका क्षणात गार होते. मग लोण्यात परतलेला अर्धा चमचा साल्चा आणि आच बंद करून घातलेलं पुल बिबेर. शेवटी सुका पुदिना आणि सुमाक, म्हणजे आंबट लाल फळांची भरड पूड. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपकडे अर्ध्या ताटलीवर दही आणि अर्ध्यावर लोणी-अक्रोड घालतात, तेही एकदा करून बघा.

एकदम जास्त करून ठेवायच्या असतील तर पिठी भुरभुरलेल्या ताटात एकमेकींना न लागतील अशा पसरून आधी गोठवा, कडक झाल्या की पिशवीत भरा. शिजवताना बाहेर काढून ठेवू नका, वितळल्या की त्यांचा गोळा होतो. फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यात टाका आणि नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त शिजवा.